पोटात घातलेल्या चुका

आमच्या मामाइतका स्वच्छ माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि देवाने पुन्हा दाखवूही नये.

त्याचं कुशनचं दुकान होतं. सोफे, खुर्च्या, स्कूटरच्या सीटा, दवाखान्यातली बाकडी, जे जे माणसाच्या बुडाखाली येतं ते सगळं तो मऊ करून द्यायचा. दुकानात शिरताना गिऱ्हाइकाने चपला बाहेर काढायच्या. हातोडी, कात्री, मोठी सुई, प्रत्येकीची भिंतीवरची जागा ठरलेली आणि त्या जागेभोवती पेन्सिलीने रेघ ओढलेली. हातोडी जागेवर नसली तर भिंतीवर तिचं भूत दिसायचं आणि मामा कामगारांची हजेरी घ्यायचा. दिवसातून तीनदा झाडू फिरायचा. संध्याकाळचा झाडू तो स्वतः मारी, कारण दुसऱ्या कुणाला झाडता येतं यावर त्याचा विश्वास नव्हता. फोमचे तुकडे, रेक्झिनच्या कातरणी, नायलॉनची सुतळी, काथ्या, नव्या मालावरच्या प्लास्टिकच्या खोळी, सगळं एका जागी गोळा व्हायचं आणि मागच्या दाराने बाहेर जायचं. दार लावलं की मामापुरतं ते जगातून नाहीसं झालेलं असे.

त्या दाराबाहेर एक मोकळी जागा होती. जागेच्या पलीकडे आमचं घर, आणि घराला टेकून आईची बकऱ्यांची शेड.

आई ही मामाची धाकटी बहीण. माझे वडील गेल्यावर तिने दोनाच्या नऊ बकऱ्या केल्या आणि पुढे दोन मेंढ्याही आणल्या. चहाच्या टपरीला आणि चार-पाच घरांना दूध जायचं. मी पोस्टात खिडकीवर होते, माझा पगार यायचा, पण आईला पगारापेक्षा बकऱ्यांचा भरवसा जास्त. तिचं म्हणणं असं की, बकरीला संप माहीत नसतो.

बकऱ्यांविषयी मामाला सगळं माहीत होतं. त्याने जन्मात एकीलाही हात लावला नव्हता, शर्टाला वास लागतो म्हणून. पण मागच्या दारात उभा राहून तो आईला रोज काही ना काही शिकवायचा. कुठली बकरी कधी विणार, कुणाला किती चारा, कुणाचे कान लोंबणं शुभ. आई मान डोलवायची. दादा म्हणतो ना, मग ऐकायचं, आणि करायचं ते आपल्या मनाचं, हा तिचा लहानपणापासूनचा शिरस्ता. बोलताना मामाच्या तोंडात बहुतेक वेळा चुका असायच्या. चुका म्हणजे कुशनवाल्याचे ते बारीक, चपट्या डोक्याचे खिळे. मूठभर चुका गालात धरायच्या, जिभेने एकेक ओठांवर आणायची आणि हातोडीखाली द्यायची, ही त्या धंद्याची जुनी रीत. कधीकधी तोंडात चुका नसायच्या, पण ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नसे.

दुकानातलं खरं काम करायचा मोठा कारागीर. वीस वर्षं तो मामाकडे होता. कमी बोलणारा, वाकलेल्या पाठीचा, आणि हाताचा असा की त्याने शिवलेल्या सीटची शिवण शोधावी लागे. वाकलेल्या, सांडलेल्या चुका तो रोज दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाने फरशीवरून उचलायचा आणि डब्यात टाकायचा. कातरणींसाठी दुकानात एक पोतं ठेवू या, असं त्याने मामाला दोनदा सुचवलं होतं. मामाने सांगितलं की दुकानात पोतं ठेवलं तर ते दुकान वाटणार नाही, भंगारवाल्याचं घर वाटेल.

त्या वर्षी एका सलूनवाल्याने मामाला सहा खुर्च्या करायला दिल्या. त्याला पोपटी रंगच हवा होता. असला रंग मामाने कधी ठेवला नव्हता, म्हणून बाहेरून मुद्दाम रेक्झिनची एक गुंडाळी मागवली. आसपास तो रंग दुसऱ्या कुणाकडे असणं शक्यच नव्हतं, कारण डोळे असलेल्या माणसाने तो घेतला नसता. पाच खुर्च्या झाल्या. सहावीच्या वेळी कडेला शिवायच्या पट्ट्या सापडेनात. कापून, खळ लावून, वाळत ठेवलेल्या पट्ट्या. आदल्या संध्याकाळी होत्या, सकाळी नाहीत. मामाने भिंतीवरची भुतं तपासली, कपाट उपसलं, आणि मग मोठ्या कारागिराकडे वळला.

त्याने म्हणे त्या पट्ट्या दुसऱ्या दुकानाला विकल्या होत्या. त्या रंगाच्या सहा पट्ट्या विकत घेणारं दुकान पृथ्वीवर कुठे होतं ते मामाने सांगितलं नाही. कारागिराने एकदाच म्हटलं की मी नेल्या नाहीत. मग त्याने आपली सुई कागदात गुंडाळली, चुंबक खिशात घातलं, कारण ते त्याचं स्वतःचं होतं, आणि पायऱ्या उतरला. मामाने ही हकीकत महिनाभर चवीने सांगितली. विश्वासू माणूसच घात करतो, हा तिचा सारांश असायचा. कारागिराला त्या भागात दुसरं कुणी कामावर घेईना.

चुंबक गेलं, तेव्हापासून फरशीवरच्या चुकाही झाडूबरोबर मागच्या दाराने जाऊ लागल्या.

दोनेक महिन्यांनी आमच्या एका मेंढीचं खाणं सुटलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, दात करकर वाजवायची. चौथ्या दिवशी ती मेली. आईला फार लागलं. मामा दारात उभा राहून म्हणाला की मेंढरू ते मेंढरू, त्याला जगण्याची अक्कल नसते. आईने त्या दिवशी मान डोलवली नाही.

मग बोलकीची पाळी आली. बोलकी ही आमची सगळ्यात दुधाळ बकरी. करडी, एका कानाला खाच पडलेली, आणि नावाप्रमाणे दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलणारी. आधी तिचं दूध उतरलं. मग तिने बोलणं कमी केलं. पाठीचं हाड वर आलं, मांड्या आत गेल्या, पण पोट मात्र टम्म, विशेषतः डावीकडून. लेंड्या इतक्या थोड्या की झाडायला काही नसे. आई संध्याकाळी तिच्यापाशी बसून तोंडाकडे बघत राहायची. बाकीच्या बकऱ्या डोळे अर्धे मिटून रवंथ करत असायच्या, आणि बोलकीचा जबडा हलत नव्हता.

मामाने निदान केलं. पोट बघा, दोन पिल्लं तरी नक्की, कदाचित तीन. तिला दुप्पट खाऊ घाल. आईने सांगितलं की बोलकी बोकडाला दाखवलेलीच नाही. मामा हसला आणि म्हणाला की बायकांना अशा गोष्टी कळत नाहीत. चार वेळा बाळंत झालेल्या बहिणीला.

मी रजा काढली आणि सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. त्या तरुण होत्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि त्यांच्या बुटांवर निम्म्या तालुक्याचं शेण होतं. मामा लगेच मागच्या दारात हजर. बाईंनी बोलकीच्या डाव्या कुशीत मूठ दाबली आणि काढली. मुठीचा खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा. त्यांनी कान लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, ही चरते कुठे?

आईने मोकळ्या जागेकडे हात केला. बाई तिथे गेल्या आणि बुटाच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी उकरलं. मामाने तेवढ्यात त्यांच्या ज्ञानात भर घातली. बकरी काय, लोखंड पचवते, तिच्या पोटात भट्टी असते, हे आमचे आजोबा सांगायचे.

बाई म्हणाल्या, "तुमच्या आजोबांनी बकरी उघडून पाहिली होती का?"

मामाने शर्टाची बाही नीट केली.

बाईंनी आईला समजावून सांगितलं. चारा पोटात भिजतो, बकरी तो परत तोंडात आणून चावते, मग तो पुढे सरकतो. प्लास्टिक, दोरी, रेक्झिन यांना ना पुढचा रस्ता, ना मागचा. ते तिथेच बसतं. त्यात दोरी अडकते, दोरीत फोम, आणि आत एक गोळा वाढत जातो. चाऱ्याला जागाच उरत नाही. पोट भरलेलं दिसतं आणि जनावर उपाशी मरतं. बकरी तशी निवडून खाणारी, मेंढी त्या मानाने दिसेल ते ओढणारी, पण कापडाला पिठाची खळ लागली की दोघींनाही ते खाणंच वाटतं. मामाची खळ पिठाची आणि मिठाची होती. विकतचा गोंद त्याला महाग वाटायचा.

बोलकीचं पोट उघडायचं ठरलं. आईने दोन्ही हात पदराला पुसले आणि विचारलं की वाचेल का. बाईंनी खोटं सांगितलं नाही. उघडलं नाही तर आठवडा, उघडलं तर निम्मी आशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या सिमेंटच्या ओट्यावर बोलकीला उजव्या कुशीवर झोपवलं. डाव्या कुशीचे केस काढले, जागा सुईने बधिर केली. आईने पाय धरले, मी डोकं. ती पूर्ण शुद्धीत होती. माझ्या मनगटाशी तिचा श्वास लागत होता आणि मी तिच्या खाच पडलेल्या कानात काहीबाही बोलत होते. बाईंनी कातडी कापली, मग मांस, मग पोट बाहेर ओढून कडेला टाके घातले आणि ते उघडलं. वास आला तो चाऱ्याचा नव्हता. तो दुकानाचा होता, सडलेल्या दुकानाचा.

बाईंचा हात कोपरापर्यंत आत गेला. आधी एक सुतळी आली. ती ओढली तर संपेना. तिच्यामागे फोम आला, दाबून वीट झालेला. मग प्लास्टिकची खोळ, काथ्याच्या गाठी, पुन्हा सुतळी. शिपायाने खाली घमेलं धरलं होतं ते भरलं आणि त्याने दुसरं आणलं. शेवटी एक काळाकुट्ट जुडगा निघाला. बाईंनी तो नळाखाली धरला, बोटांनी चोळला, आणि काळ्याखालून पोपटी रंग उघडा पडला.

आईने माझ्याकडे पाहिलं. ती सहावी खुर्ची आम्हाला दोघींना ठाऊक होती.

इतक्यात बाई म्हणाल्या, थांबा. पहिल्या पोटाला लागून एक लहान पोट असतं, आतून मधाच्या पोळ्यासारखं. जड वस्तू तिथे जाऊन पडते. बाईंनी बोटांनी चाचपडत तिथून एकेक चूक काढली आणि स्टीलच्या वाटीत टाकली. अकरा झाल्या. त्यातल्या दोन पोळ्याच्या भिंतीत रुतलेल्या होत्या. पलीकडे पातळ पडदा, आणि पडद्यापलीकडे हृदय. थोडा उशीर झाला असता तर पोट उघडूनही उपयोग नव्हता, असं त्यांनी सांगितलं. लोक म्हणतात, मोठ्या मनाचा माणूस दुसऱ्याच्या चुका पोटात घालतो. आमच्या मामाच्या चुका पोटात घालायला एक बकरी लागली.

टाके घालून झाल्यावर बाईंनी मला थर्मास देऊन कत्तलखान्यात पाठवलं. नुकत्याच कापलेल्या निरोगी बकरीच्या पोटातला रस गरम असतानाच आणायचा होता. रवंथाचं यंत्र बंद पडलेलं असतं, ते दुसऱ्या बकरीच्या विरजणाने चालू होतं, असं त्या म्हणाल्या. तो हिरवा रस फडक्यातून गाळून आम्ही बोलकीला बाटलीने पाजला. चहाचा थर्मास होता. पुढे त्यातून कुणी चहा प्यायलं नाही.

आईने घमेलं मागून घेतलं आणि वाटीतल्या चुका त्यात ओतल्या. तिसऱ्या प्रहरी ती ते डोक्यावर घेऊन मामाच्या दुकानात गेली. मागच्या दाराने नाही, पुढच्या. चपला न काढता. मी तिच्यामागे होते. दुकानात एक लॉजवाला नव्या सोफ्यावर बसून जरा उड्या मारून बघत होता. आईने घमेलं फरशीवर ठेवलं, त्या चकचकीत फरशीच्या मधोमध.

"दादा, हे तुझं," ती म्हणाली. "बोलकीच्या पोटात होतं. पट्ट्यासुद्धा आहेत. सहाच्या सहा."

आता इथे साधा माणूस काय करेल? निदान खाली बघेल. मामाने नाकाला रुमाल लावला, वाकून घमेल्यात पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा की एवढा माल खाल्ला, तर भरपाई कोण देणार. म्हणजे बकऱ्यांनी त्याची चोरी केली होती. आपण टाकलेलं खाणं म्हणजे चोरी कशी, हे लॉजवाल्याने सोफ्यावर बसल्या बसल्या विचारलं, तर मामा म्हणाला की टाकलेलं नव्हतं, बाहेर ठेवलेलं होतं. मग त्याने दोन बोटांनी घमेल्यातली एक चूक उचलली, उजेडात धरली, शर्टाला न लावता कागदाला पुसली आणि म्हणाला की ही अजून सरळ आहे.

आईने विचारलं, "आणि कारागिराचं काय?"

मामाने विचार केला. खरंच केला, मी पाहत होते. तेवढ्या वेळात मला वाटलं की आत कुठेतरी माणूस असेल आणि तो आता बाहेर येईल. मग तो म्हणाला, "चोर नव्हता, म्हणजे निष्काळजी होता. लक्ष ठेवलं असतं तर पट्ट्या गेल्या असत्या का? काढला ते बरोबरच."

संध्याकाळचा झाडू कोण मारायचा ते त्या दुकानातल्या सगळ्यांना माहीत होतं. मग आम्ही निघालो. घमेलं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मामाने मोठं मन केलं. कारागिराला निरोप पाठवला की तुला माफ केलं आहे, सोमवारपासून ये. निरोप न्यायला त्याला मीच सापडले. कारागीर दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहायचा. बस डेपोच्या फाटक्या सीटा घरी आणून शिवत होता. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं. मी निरोपाआधी पट्ट्यांची हकीकत सांगितली, पूर्ण, अकरा चुकांपर्यंत. तो ऐकताना सुई ओवत होता. ती त्याला एरवी एका झटक्यात ओवता यायची. त्या दिवशी तीनदा दोरा चुकला. त्याची बायको उठून आत गेली आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. लोकांनी तिला तीन महिने चोराची बायको म्हटलं होतं.

शेवटी मी निरोप सांगितला. तो म्हणाला, "मालकांना सांगा, त्यांनी माफ केलं, पण मी अजून केलेलं नाही. झालं की कळवतो."

हा निरोप मी मामाला शब्दशः दिला. त्याला तो कळला नाही. माणूस भाव वाढवतोय, असं त्याचं मत पडलं.

बोलकी नवव्या दिवशी रवंथ करायला लागली. आईने मला हाताला धरून ओढत नेलं ते दाखवायला, आणि आम्ही दोघी शेडमध्ये उभ्या उभ्या एका बकरीचा जबडा बघत राहिलो. पण पूर्वीचं दूध काही परत आलं नाही, आणि बोलणंही थोडं कमीच राहिलं. बाईंनी आणखी दोन बकऱ्या उघडल्या. एक वाचली. दुसरीच्या चुका पडद्यापलीकडे पोचलेल्या होत्या. ती ओट्यावरच गेली.

मामाने उपाय केला तो असा. मोकळ्या जागेत त्याने पाटी लावली: "येथे बकऱ्यांना व मेंढ्यांना चरण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून." कुणाच्या हुकमावरून ते लिहिलं नव्हतं. पाटी पुठ्ठ्याची होती आणि खळीने चिकटवलेली. तीन दिवसांत आमच्या उरलेल्या मेंढीने मनाईचा मजकूर खाल्ला. कातरणी होत्या तिथेच पडत राहिल्या. धंद्याला काडीचाही धक्का लागला नाही. लॉजवाल्याने सोफा नेला, वर आणखी चार सांगितले. लोकांना मऊ बसायला मिळालं की खाली काय आहे ते कुणी बघत नाही.

मग आईने हालचाल केली. तिने पत्रे आणले, आणि ज्याला बोलावलं तो मोठा कारागीर. दोघांनी मिळून दोन दिवसांत जागेच्या कडेने पत्र्याची भिंत उभी केली. त्याने आपलं चुंबक आणलं होतं. आमच्या बाजूची सगळी जमीन त्याने वाकून, हात-हात करत तपासली. डबा अर्धा भरला. बकऱ्यांना आईने पुढे नेहमीच दुसऱ्या अंगाने, ओढ्याकडे नेलं, आणि शेडमध्ये चाटायला मिठाची वीट टांगली. आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत कारागिराने आपलं शिवणयंत्र मांडलं. बाजूला कातरणींचं पोतं.

भिंत उभी राहिल्यावर मामा टेप घेऊन आला. पत्रा त्याच्या हद्दीत चार बोटं आला होता म्हणे. आई शेडमधून बाहेर आली. लहानपणापासून ती त्याला दादा म्हणत आली होती, अरे-तुरे करत आली होती. ती म्हणाली, "चार बोटं तुमची मोजून ठेवा, शेठ. पत्रा हलणार नाही."

मामा टेप गुंडाळून गेला. तेव्हापासून आई त्याला शेठच म्हणते, आणि तुम्ही म्हणते. रस्त्यात भेटला, लग्नात भेटला, दवाखान्यात भेटला, तरी शेठ. परक्या दुकानदाराशी बोलावं तशी दोन वाक्यं बोलते आणि पुढे जाते. दादा हा शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

परवा मामा पोस्टात आला होता. रजिस्टर पत्र करायचं होतं. मागे रांग उभी असताना त्याने खिडकीत कोपर टेकलं, आणि मला, खरं तर रांगेला, सांगितलं की तुझी आई आता सुधारली. सगळ्या नातेवाईकांत आजवर कुणी मला शेठ म्हटलं नव्हतं, तिला मात्र मोठ्या भावाचा मान कसा ठेवायचा ते कळलं. उशिरा का होईना, अक्कल आली.

मी त्याचं पाकीट वजन केलं, तिकिटं लावली, पावती दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.